कैलासाला एक दिवसाची विश्रांती

२ सप्टेंबर, रविवार

श्रीमहालक्ष्मी प्रसन्न.

आज मंगळुरूहून लॉरीने आलेला माल: थंडी करणारी मशीन एक. भिंतींचे तक्ते चौदा, दोन्ही अंगांना पत्रा आणि मध्ये थर्मोकोल. दार एक, कडेला रबर लावलेले, देवळाच्या दारापेक्षा जड. थंडी दाखवणारा काटा एक, तो दाराबाहेर बसायचा आहे. क्रेट चाळीस. कुलूप एक, चाव्या दोन. सगळ्याचे मिळून अठ्ठेचाळीस हजार; अर्धे सरकारी योजनेचे, अर्धे आमच्या महिला मंडळाचे. लॉरीभाडे तीनशे ऐंशी. हमाली साठ. (ऐंशी मागत होते. ताक पाजले, पोहे दिले, वीस उतरले. ताक-पोह्यांचे सव्वाचार वेगळे लिहावेत की नाही, असा प्रश्न पडला. लिहिले.) नारळ, लिंबे, कापूर पावणेसहा.

मंडळात आम्ही बावीस जणी. एकवीस जणी टोपली घेऊन मासे विकतात. मी एकटी घरात असते, पण मॅट्रिक झालेली मीच, म्हणून वही आणि चावी माझ्याकडे. खोली मलपे बंदरावर मंडळाच्या शेडमागे उभी राहील. हेतू साधा आहे. बोटी भरून आल्या की भाव पडतो, उरलेला बांगडा संध्याकाळपर्यंत मातीमोल होतो. थंडीत ठेवला तर मासा नसेल त्या दिवशी विकता येईल. योजनेच्या साहेबांची अट एकच: दसऱ्यापर्यंत वापरून दाखवा, त्यानंतरच्या रविवारी ठराव करून 'आम्हांला हवी' असे सगळ्या जणींनी लिहून द्या. नाहीतर दुसरे गाव रांगेत उभे आहे, मशीन तिकडे जाईल.

आमच्यातल्या जलजक्काने माल उतरता उतरताच नाव ठेवले, "कैलास!" हमाल हसले. ती म्हणाली, "हसता काय? बर्फ आहे, गारठा आहे, शंकर तेवढा कमी. आजपासून आपला बांगडा कैलासवासी."

मामी हसल्या नाहीत. मामाच्याच घरात मला दिली, त्यामुळे मामी लग्नाआधीही मामी आणि सासू झाल्या तरी मामीच. चाळीस वर्षे त्या उडुपीच्या दारोदार मासे विकताहेत. बंदरावरच्या बायका त्यांच्या तोंडाकडे बघून भाव ठरवतात. त्यांनी पान जुळवले, तंबाखू चोळली आणि मशीनच्या पेटीकडे बघून म्हणाल्या, "झोपलेला मासा मी कधी विकला नाही. माझं गिऱ्हाईक कल्ला उघडून बघत नाही, माझं तोंड बघतं. मी काही त्या खोलीत पाऊल टाकणार नाही."

मामी नाही म्हणाल्या की पंधरा जणी नाही म्हणणार. आई महालक्ष्मी, तूच बघ.

६ सप्टेंबर, गुरुवार

मंगळुरूचा मेकॅनिक आला, खोली उभी केली, सूचना सांगितल्या. मी वहीत उतरवल्या. दार कमीत कमी वेळा उघडणे. उघडल्यास आत उभे राहून गप्पा न मारणे (हे सांगताना त्याने जलजक्काकडे पाहिले). मासा नीट निथळून ठेवणे. क्रेट भिंतीला न चिकटवणे. काटा शून्याच्या खाली अठरावर आहे ना ते पाहणे. अशा अकरा. बारावी सांगत होता तेवढ्यात शेडमधल्या स्टोव्हवर त्याच्याच कॉफीचे दूध उतू गेल्याचा वास आला. अर्धा लिटर! धावत गेले, पावशेर वाचवले. परत आले तोवर तो पिशवी उचलून निघाला होता.

"बारावी काय म्हणाला?" मी जलजक्काला विचारले.

"काही नाही गं, मशीनला जपा म्हणाला. तू जपशीलच."

अकराच लिहिल्या.

एक चावी माझ्या कमरेला. दुसरी घरी महालक्ष्मीच्या तसबिरीमागे, डाव्या खिळ्याला.

बर्फ कारखान्याचे मोनब्बा ब्यारी बघायला आले होते. दार थोपटून म्हणाले, "वारिजक्का, ही आली, आता मी बर्फाचं काय करू? सरबत विकू?"

मी म्हटले, "सरबतातसुद्धा पाणी घालाल."

"अक्का, बर्फ पाण्याचाच असतो. त्यात आणखी काय घालणार!" आणि स्वतःच मोठ्याने हसले. माणूस वाईट नाही, पण भाताच्या तुसात ठेवलेल्या बर्फाच्या लादीचा कोपरा तुटला तरी पैसे पूर्ण लावतो.

१६ सप्टेंबर, रविवार

पहिली परीक्षा. जलजक्काने दोन क्रेट तारली चार दिवसांपूर्वी ठेवली होती, ती आज काढली. दगड झाली होती. पाण्यात सोडली तर पुन्हा मासा. तिने कालवण केले, वाटीभर आमच्याकडे पाठवले. मी मामींच्या पानात वाढले आणि काही बोलले नाही.

मामींनी एक घास चावला. माझ्याकडे पाहिले. "कुठल्या बोटीची?"

"चार दिवसांपूर्वीच्या."

अन्न टाकायची त्यांची रीत नाही. सगळे संपवले, काटे ताटाच्या कडेला ओळीने लावले आणि म्हणाल्या, "वाईट नाही. पण माशाला आपण कुठचे ते आठवत नाहीये."

यांना ठसका लागला. बोटीवर चौदा माणसांना दरडावणारा तांडेल, आईपुढे मात्र ताटात बघून हसतो.

२४ सप्टेंबर, सोमवार

उद्या घट बसणार. नऊ दिवस अर्धा उडुपी मासा शिवणार नाही, आणि नेमका आजच समुद्र उतू चाललाय. बोटी कडेपर्यंत बुडालेल्या आल्या. बांगडाच बांगडा. दुपारी टोपलीभर बांगड्याचे चहाला पुरतील एवढे पैसे येईनात.

मग आल्या सगळ्या. जी ती क्रेट मागू लागली. अठरा जणींचे छत्तीस क्रेट झाले. ओळख राहावी म्हणून प्रत्येकीने आपल्या जुन्या लुगड्याच्या काठाची चिंधी बांधली. खोलीत लग्नघरासारखे रंग दिसताहेत. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी उघडायचे, नऊ दिवस उपाशी राहिलेल्या जिभांना विकायचे, असे ठरले. सुमतीने कानाशी येऊन सांगितले की मुलांची दिवाळी या दोन क्रेटांवर आहे. नसते सांगितले तर बरे झाले असते.

मामी कट्ट्यावर बसून बघत होत्या. कुणीतरी विचारले, "अप्पीअम्मा, तुमचा क्रेट कुठाय?"

"माझा मासा समुद्रात आहे. तिथं भाडं पडत नाही."

२८ सप्टेंबर, शुक्रवार

काटा अठरावर. सकाळ-संध्याकाळ जाऊन बघते. मशीन एकसारखी घरघरते. बारा तास, चोवीस तास. आपण तरी दुपारी अंग टाकतो. तिचा डोळा मिटत नाही.

१ ऑक्टोबर, सोमवार

परवा नवमी, आयुधपूजा. यांनी बोटीचे इंजिन पुसायला घेतले. शेडसमोरच्या शिंप्याने मशीनला तेल दिले. मामींनी मासे कापायची विळी राखेने घासायला काढली. वही-पेनही देवापुढे ठेवायचे आहे, तेव्हा त्या दिवशी लिहिणे नाही.

सकाळपासून मनात एक आहे. वर्षातला हा एक दिवस प्रत्येक हत्याराला हळदकुंकू आणि विश्रांती. मग कैलासानेच काय घोडे मारले? नवी आहे, पहिलीच पूजा, आणि तीच चालू ठेवायची? (खरे लिहायचे तर एका दिवसाची वीज वाचेल हेही मनात आले. पण ते दुसरे आले.)

मामींना म्हटले, "बुधवारी एक दिवस कैलास बंद ठेवते. पूजा करते."

विळीवरचा त्यांचा हात थांबला. "बंद?"

"बोट बंद, शिंपी बंद, तुमची विळीसुद्धा बंद. मग हिनंच का राबायचं?"

"आणि आतला बांगडा?"

"दार उघडणारच नाही. आतली थंडी जाईल कुठं? शिवाय देवी आहे बघायला."

"देवीला त्या दिवशी नऊ गावांची कामं असतात गं, वारिजा. मेकॅनिकला विचारलंस?"

"ट्रंककॉलला किती पडतात माहितीय?"

"बरं."

मामी 'बरं' म्हणाल्या की विषय संपत नाही, असा माझा अकरा वर्षांचा अनुभव आहे. आज मात्र संपला.

४ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

वही आत्ता संध्याकाळी देवापुढून उचलली. क्रमाने लिहिते.

काल पहाटे न्हाऊन बंदरावर गेले आणि सहा वाजता बटण बंद केले. घरघर थांबली तसे इतके सामसूम झाले की कौलावरच्या कावळ्यांनीही मान वळवली. दाराला हळदकुंकू लावले, मोगऱ्याची माळ घातली, कोहळा फोडला, अक्षता वाहिल्या. "आई, दमली असशील, नीज," म्हटले. कुलूप लावून घरी आले.

दहा वाजता मामी म्हणाल्या, "मी कापू गावाला बहिणीकडे जाऊन येते." नवमीच्या दिवशी! आजवर नवमीला त्यांनी घराचा उंबरा सोडलेला नाही. हे लगेच चप्पल घालून उभे, "आईला बसवर बसवून येतो." बसथांबा पावलावर आहे. मला भजनाची घाई होती. सगळे बंदर चार वाजेपर्यंत भजनमंदिरात होते. सगळीकडे यंत्रे गप्प; मोनब्बांचा बर्फ कारखाना तेवढा धडधडत होता. ते मुसलमान, त्यांना आयुधपूजा नाही.

पाचला दोघे परत आले, एकत्रच. मामींचे लुगडे गुडघ्यापर्यंत ओले, आवाज बसलेला, खोकला. "कापूच्या समुद्रावर गेले होते," म्हणाल्या.

"बहीण कशी आहे?"

"गार."

यांच्या तळव्यांना फोड. रस्त्यात कुणाचा टेम्पो रुतला होता, तो ढकलला म्हणे. अकरा इडल्या खाल्ल्या आणि बसल्या जागी पेंगले.

आज सकाळी सहाला मी फुले उतरवली, पाया पडले, बटण दाबले. काही नाही. पुन्हा दाबले. काही नाही. शिंप्याच्या दुकानात बघितले तर दिवाच नाही. पहाटेच्या वाऱ्यात कुठेतरी तारेवर झाड पडले होते आणि साऱ्या बंदराची वीज गेली होती.

काटा अठरावरून अकरावर आलेला.

छत्तीस क्रेट, अठरा जणी, सुमतीची दिवाळी. आणि मी कुणाला न विचारता, कुणाला न सांगता निजवून बसले होते! सात वाजता दहा. दहा वाजता नऊ. मी पायरीवर बसून नामजप करत होते, पण खरे सांगायचे तर नाम तोंडात आणि डोळा काट्यावर.

तेवढ्यात मामी खोकत आल्या, शेजारी बसल्या आणि पान जुळवायला लागल्या.

"मामी, दार उघडून बघू?"

"हात लावू नकोस. उघडलंस की थंडी पळाली. बांधलेलं गाठोडं वाटेत सोडू नये."

"मामी, माझ्याकडून फार मोठी चूक झाली का हो?"

"चूक मोठी की लहान ते दार उघडल्यावर कळतं. तोवर देवीचं नाव घे. तेवढं तुला चांगलं येतं."

जेवायलाही त्या उठल्या नाहीत. एरवी कैलासाच्या सावलीला उभ्या राहत नसत, आज तीन वाजेपर्यंत पाठ टेकून बसल्या. वीज तीन वाजून दहा मिनिटांनी आली. मशीन घरघरली तेव्हा मला रडूच फुटले. काटा आठवर होता.

मग दार उघडले. मामी उंबऱ्याबाहेरच राहिल्या, शब्दाच्या पक्क्या. मी अर्ध्या मिनिटाहून जास्त आत नव्हते, सूचना क्रमांक एक. बांगडा बांगड्यावर आपटला तर खापरासारखा टणटण वाजला. सगळा शाबूत! जमिनीवर मात्र पांढुरका गिलावा, पायाला चिकट लागला, बोट लावून चाखला तर खारट. आमची मशीन कधी पाणी सोडत नाही. विश्रांती मिळाल्यावर घाम आला असावा. दोन-चार भाताची तुसेही दिसली, माझ्या अक्षतांतली असणार. आणि उंबऱ्याच्या आत, जिथे मी काल पाऊलही ठेवले नव्हते, तिथे तीन लाल ठिपके. ओळीने. कुंकवासारखे.

मी ओरडले, "मामी! आई येऊन गेली! तिची पावलं!"

मामी पुढे वाकून बघायला लागल्या आणि त्यांना असा खोकला आला, असा खोकला आला की पाठ चोळावी लागली. डोळ्यांतून पाणी आले त्यांच्या. त्याही शेवटी बाईमाणूस, दर्शनाने गहिवरल्या असतील. मी ठिपक्यांवर मोगरा ठेवला.

घरी आले तर दुसरी चावी तसबिरीच्या उजव्या खिळ्याला. मी स्वतः डाव्याला लावली होती.

यापुढे काय लिहू? साखरेचा नैवेद्य, पाव किलो.

५ ऑक्टोबर, शुक्रवार

बुधवारी बोटी पूजेला उभ्या, काल थोड्याच गेल्या. त्यामुळे आज बंदरावर ताजा मासा नावालाही नव्हता. आमचे छत्तीस क्रेट सकाळी सातला निघाले आणि साडेनऊला चिंध्या तेवढ्या परत आल्या. तिप्पट भाव. सुमती माझ्या गळ्यात पडली, अंगाला बांगड्याचा वास लावून गेली. लुगडे धुवायला टाकले.

क्रेट निघत होते तेव्हा मामी रिकामी टोपली घेऊन उभ्या होत्या. अकरा वर्षांत त्यांची रिकामी टोपली मी पहिल्यांदा पाहिली. मग त्या जलजक्काजवळ गेल्या. "दे पन्नास."

जलजक्काच्या हातातले वजन तसेच राहिले. "झोपलेला आहे, अप्पीअम्मा."

"दिसतंय. दे."

उडुपीला जलजक्का त्यांच्या मागेच होती, तिने येऊन सांगितले. प्रत्येक दारात मामी टोपली उतरवायच्या आधीच म्हणायच्या, "बाई, हा झोपलेला मासा आहे. पण नीट झोपलेला आहे. घ्यायचा तर घ्या." सगळ्यांनी घेतला. एका शेट्टीणबाईंनी विचारले म्हणे, "झोपलेला म्हणजे काय हो?" मामी म्हणाल्या, "म्हणजे तुमच्या सुनेसारखा. उठवला की ताजा."

दुपारी मोनब्बा ब्यारी चिठ्ठी घेऊन आले. नवमीच्या दिवसाची, नऊ लाद्या बर्फ. मी चिडलेच. "आमच्याकडे मशीन असताना आम्ही तुमचा बर्फ कशाला घेऊ? आणि त्या दिवशी बंदरावर चिटपाखरू नव्हतं. कुणी नेल्या?"

ब्यारी माझ्याकडे बघत राहिले, मग माझ्या खांद्यावरून मागे. मागे मामी उभ्या होत्या.

"माझ्या खात्यावर लिही म्हटलं होतं ना तुला?" मामी म्हणाल्या. "कापूला बहिणीकडे जेवण होतं."

"नऊ लाद्या?" मी विचारले.

"मोठं जेवण होतं."

नवमीचे जेवण, म्हणजे मासा नाही; मग सरबतच केले असणार. नऊ लाद्यांचे सरबत! मामींच्या माहेरचा हात आधीपासून सैल, हे मी लग्नातच पाहिले होते. ब्यारींनी चिठ्ठी खिशात घातली. "राहू दे अक्का, या वेळच्या लाद्यांचे कोपरे तुटलेले होते. पैसे नकोत." आजवर कधी असे बोलले नव्हते. दसऱ्याचा दिवस लागला म्हणायचा.

७ ऑक्टोबर, रविवार

ठरावाची सभा. बावीसही जणी आल्या. जलजक्काने आधी सगळ्यांना रांगेने उंबऱ्याआतले ठिपके दाखवले. प्रत्येकीने हात जोडले. मामी कोपऱ्यात पान खात होत्या, त्यांना पुन्हा ठसका लागला. या खोकल्याला तुळशीचा काढा द्यायला हवा.

सगळ्या 'हवी, हवी' म्हणत होत्या. मला खाली बसवेना. चार दिवस घास गोड लागला नव्हता. उठले आणि सांगून टाकले. बुधवारी पहाटेपासून गुरुवारी तीन वाजेपर्यंत मशीन बंद होती. मी बंद केली. तुम्हांला विचारले नाही. तुमचा मासा गेला असता तर माझ्या एकटीमुळे. चावी दुसरीकडे द्या.

सुमतीचा चेहरा पडला. मागून कुणीतरी म्हणाली, "तेहतीस तास? आणि आम्ही अंधारात?" कुजबुज सुरू झाली. ज्या 'हवी' म्हणत होत्या त्याच मशीनकडे संशयाने बघू लागल्या. माझ्यामुळे हे गाव मशीन घालवणार, असे मला स्पष्ट दिसले.

मामी उठल्या. पान एका गालात सरकवले. "काय गं, एवढं काय कुजबुजताय? तेहतीस तास बंद होती ना? बांगडा टिकला ना? बंद असताना एवढा टिकतो, तर चालू असताना किती टिकेल?"

जलजक्का म्हणाली, "खरंच की!"

"आणि जी पोर चूक चारचौघींत उभं राहून सांगते, तिच्याकडे चावी नको तर कुणाकडे देता? माझ्याकडे? मी त्या खोलीत पाऊल टाकत नाही. लिहा माझं नाव. हवी."

सोळा सह्या, सहा अंगठे. मामींचा अंगठा सगळ्यांत वर.

नंतर त्यांनी मला बाजूला घेतले. "वहीत बारावी सूचना लिही. पूजेच्या दिवशी मशीन बंद करायची नाही. चालू असतानाच फुलं वाहायची. जी घर चालवते तिला निजवायचं नसतं, तिच्या पुढ्यात दिवा लावायचा असतो."

मी लिहून वाचून दाखवली. जलजक्का टाळी वाजवून म्हणाली, "अगं, हेच! मेकॅनिक हेच सांगत होता, 'कधी बंद करू नका'! मला आत्ता आठवलं."

मी तिच्याशी दोन दिवस बोलणार नाही.

११ ऑक्टोबर, गुरुवार

महिन्याचा हिशेब लावायला बसले. सगळे जुळले, मीठ जुळत नाही. सुकटीसाठी ऑगस्टमध्ये खडेमिठाचे पोते घेतले होते, त्यात आज हात घातला तर तळ लागला. निदान पंधरा किलो कमी. उंदीर मीठ खात नाहीत. यांना विचारले तर म्हणाले, "समुद्राकाठी मीठ वाऱ्यानं उडतं," आणि उठून गेले. मामींना विचारले, त्या म्हणाल्या, "कुणाच्या तरी पोटात चांगल्या कामी लागलं असेल, सोड." लिहिले: मीठ, हिशेब लागत नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा हे वाक्य लिहिले.

मुंबईच्या थोरल्या भावाला, अण्णाला, पत्र पाठवायचे आहे. नक्कल ठेवते.

तीर्थरूप अण्णास, वारिजाचा साष्टांग नमस्कार. तुमच्या आशीर्वादाने आमच्याकडे सर्व कुशल आहे. मशीन गावात राहिली. बाकी देवीने काय केले ते भेटीत सांगेन, पत्रात मावणार नाही. यापुढे मामी स्वतः कैलासात मासा लावायला जाणार आहेत. आमचे रचणे त्यांना पसंत नाही. डोके-शेपटी उलटसुलट लावले तर एका क्रेटमध्ये वीस बांगडे जास्त बसतात, असे त्या म्हणतात. मात्र स्वेटर आल्याशिवाय पाऊल टाकणार नाहीत. तेव्हा तिकडून एक लोकरीचा पाठवावा, गळाबंद. मी म्हटले, साधा चालेल. तर म्हणाल्या, "नको, आतल्या डाव्या कोपऱ्यात वारा थेट मानेवर येतो, तासाभरात दात वाजायला लागतात." अण्णा, त्या आजवर एकदाही आत गेलेल्या नाहीत. जुन्या माणसांना बसल्या जागी कसे कळते, कोण जाणे. मापासाठी दोरा सोबत जोडला आहे. हातमोजेही दोन जोड हवेत, एक मामींना आणि एक यांना. तांडेलाला हातमोजे कशाला, हे मला विचारू नका, मलाही सांगत नाहीत. रंग गडद असावा, पानाचे डाग दिसू नयेत. किंमत किती पडेल आणि कुणाबरोबर पाठवाल, ते उलट टपाली कळवावे.